भाड्याच्या नावामागे कोण उभे आहे?

22 सप्टेंबर 2025 रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. बाकी काही न बदलता एवढ्यानेच संचाची किंमत साधारण आठ टक्क्यांनी उतरते. पन्नास हजारांच्या टीव्हीमागे जवळपास चार हजार रुपये वाचतात. ठाण्याच्या गोखले रस्त्यापासून डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यापर्यंत हप्त्यावर टीव्ही घेणाऱ्या कुटुंबाला हे चार हजार मोठे असतात, आणि ते त्याच्या खिशात राहिले याचा आनंदच आहे. मोठा पडदा ही आता श्रीमंतांची मिरासदारी राहिलेली नाही. तरीही टीव्ही स्वस्त झाला म्हणून मालाचा दर्जा गेला, जुन्या नावांची अब्रू गेली, असे हळहळून बोलणारे पुष्कळ भेटतात. या हळहळीत एक खरी तक्रार दडलेली आहे, पण तिचे बोट चुकीच्या ठिकाणी आहे. नावांची पत किंमत उतरल्यामुळे गेलेली नाही. नाव आणि त्या नावाची जबाबदारी या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटल्या, म्हणून ती गेली. हे सुटणे ग्राहकाच्या नजरेआड झाले आणि कायद्यानेही त्याकडे पुरेसे पाहिले नाही.

ठाणे महापालिका 1982 साली झाली, कल्याणची 1983 साली. दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण 15 ऑगस्ट 1982 पासूनचे. ही शहरे आणि घराघरांतला रंगीत टीव्ही एकाच काळात वाढले. त्याआधीच्या पिढीला मर्फीचा रेडिओ ठाऊक होता आणि मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता. पुढे ओनिडा आला. मर्क इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी 1981 सालची. तिचा कारखाना तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, आजच्या पालघरमधल्या वाड्यात उभा राहिला. शेजाऱ्याला हेवा वाटावा असा हा टीव्ही आहे, असे शिंगवाल्या सैतानाच्या तोंडून सांगणारी त्याची जाहिरात आजही पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवते. व्हिडिओकॉन संभाजीनगरजवळच्या चितेगावचा. हा काळ सोन्याचा होता असे मात्र म्हणवत नाही. बाजार बंदिस्त होता, आयातशुल्क जबर होते, आणि रंगीत टीव्हीसाठी पगारदार माणसाला कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम मोजावी लागे. पण एक गोष्ट तेव्हा सरळ होती. खोक्यावर जे नाव असे, त्याच नावाची कंपनी असे, तिचा कारखाना असे, आणि संच बिघडला तर तक्रार कोणत्या दारात न्यायची हे सांगावे लागत नसे. ब्रँडची पत म्हणून जे काही होते ते या पत्त्यावर उभे होते.

किमतीची पहिली मोठी झुंज नव्वदच्या दशकात झाली आणि ती करणारे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. अकाई ही मूळची जपानी कंपनी. स्पूलवर चालणाऱ्या टेप-डेकसाठी जगभरचे संगीतवेडे लोक तिचे नाव घेत. आपल्याकडे बॅरन इंटरनॅशनल या कंपनीने ते नाव आणले आणि जुना टीव्ही द्या, वर थोडे पैसे भरा आणि नवा रंगीत टीव्ही न्या, अशा योजनांनी बाजार हलवून सोडला. बीपीएल, ओनिडा, व्हिडिओकॉन या सगळ्यांना मग किमती उतरवाव्या लागल्या. ग्राहकाचा फायदाच झाला. मात्र याच वेळी एक नवी रीत रुळली. ज्या नावाने उंची ध्वनियंत्रांत प्रतिष्ठा कमावली होती ते नाव आता स्वस्ताईची हमी म्हणून वापरले जाऊ लागले. टेप-डेक बनवणाऱ्या त्या जुन्या कारागिरीशी या टीव्हीचा फारसा संबंध नव्हता. पुढे जपानमधली मूळ अकाई दिवाळखोरीत गेली आणि भारतातले अकाई हे नाव व्हिडिओकॉनच्या पदरात पडले. सान्सुईचेही तसेच. ध्वनियंत्रांच्या दुनियेतली दोन मानाची जपानी नावे एका मराठवाड्यातल्या उद्योगसमूहाच्या टीव्हीवर आली, आणि दुकानात त्यांच्याकडे बोट दाखवून ग्राहकाला ‘जपानी कंपनी’ असे सांगितले जाऊ लागले.

असे का घडू शकले, हे समजण्यासाठी टीव्हीच्या पोटात डोकावले पाहिजे. जुन्या टीव्हीचे हृदय म्हणजे पिक्चर ट्यूब. ती जड होती, काचेची होती, दूरवर वाहून नेणे महाग होते, म्हणून ती बनवणारे कारखाने देशातही होते. ट्यूबभोवतीचे मंडल, रंगांची जुळणी आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पेटीतला ध्वनी यांत कंपनीचे स्वतःचे कसब दिसायचे. ओनिडाच्या केवाय थंडरची ख्याती मुख्यतः आवाजासाठीच होती. सपाट पडदा आला आणि हे सगळे बदलले. आता संचाच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा एकट्या पॅनेलचा असतो आणि ते जगातले मोजके कारखाने बनवतात: चीनचे बीओई आणि सीएसओटी, तैवानचे एयूओ आणि इनोलक्स, कोरियाचे एलजी डिस्प्ले, असे काही. बीओईच्या हेफेई इथल्या कारखान्यात जवळजवळ तीन मीटर रुंद आणि सव्वातीन मीटरपेक्षा लांब काच एका वेळी घडते आणि तिच्यातून 65 किंवा 75 इंचांचे अनेक पडदे कापले जातात. काच जितकी मोठी तितका एका पडद्यामागचा खर्च कमी; किमती घसरण्याचे खरे कारण हे आहे. जे या शर्यतीत टिकले नाहीत त्यांनी माघार घेतली. सॅमसंग डिस्प्लेने 2022 मध्ये एलसीडी पॅनेल बनवणे थांबवले, शार्पच्या साकाई इथल्या प्रसिद्ध कारखान्याने 2024 मध्ये. पॅनेल विकत घेऊन, त्याला मदरबोर्ड आणि बॅकलाइट जोडून संच बांधणे हे काम आता करारावर कुणीही करून देतो. भारतात डिक्सनसारख्या कंपन्या अनेक ब्रँडसाठी ते करतात. म्हणजे ज्याच्याकडे कारखाना नाही, प्रयोगशाळा नाही, अशा कुणालाही टीव्ही विकता येतो. त्याला फक्त एक गोष्ट कमी पडते, आणि ती म्हणजे लोकांना माहीत असलेले नाव.

ही गोष्ट भाड्याने मिळते. 2018 हे एकच वर्ष पाहिले तरी सारे चित्र समोर येते. त्या फेब्रुवारीत शाओमीने 55 इंचांचा फोर-के टीव्ही 39,999 रुपयांना आणला. नावाजलेल्या कंपन्या तेवढ्या आकारासाठी याहून कितीतरी जास्त घेत होत्या, आणि त्यानंतर कुणालाच जुन्या किमतीवर ठाम राहता आले नाही. एप्रिलमध्ये थॉमसन हे फ्रेंच नाव भारतात टीव्हीवर परतले. ते आणले नोएडाच्या सुपर प्लॅस्ट्रॉनिक्सने, परवान्यावर. याच कंपनीकडे त्याआधीपासून कोडॅकच्या नावाचा परवाना होता, नंतर ब्लाउपुंक्तचाही आला. कोडॅक ही फोटोच्या फिल्मची अमेरिकन कंपनी, जिने 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. ब्लाउपुंक्त हे जर्मन मोटारींतल्या रेडिओचे नाव, जे बॉशने 2008 च्या अखेरीस विकायला काढले. आणि जूनमध्ये व्हिडिओकॉनची दिवाळखोरीची प्रक्रिया राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दाखल झाली. यातला सगळ्यात बोलका धागा थॉमसनचा आहे. 2005 मध्ये याच थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा जागतिक धंदा, इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधल्या कारखान्यांसकट, व्हिडिओकॉनने विकत घेतला होता. ट्यूबचे दिवस संपत आलेले असताना तिचे कारखाने घेतले आणि ते ओझे होऊन बसले. पुढे दूरसंचाराच्या धंद्यातही हात पोळले. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेल्या 122 परवान्यांत व्हिडिओकॉनचेही होते. ट्यूबचे कारखाने घेतल्यावर तेरा वर्षांनी चितेगावची कंपनी न्यायाधिकरणात गेली आणि थॉमसनचे नुसते नाव, कारखान्यांविना, भारतात हसतखेळत परतले. कारखाने घेणारा बुडाला आणि नाव सांभाळून ठेवणारा तरला. बाजाराने नावाला किती भाव दिला आणि घडवण्याला किती, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागणार नाही.

इथे परवाना घेणाऱ्यांवर अन्याय व्हायला नको. परवान्यावर नाव वापरणे ही फसवणूक नाही. सुपर प्लॅस्ट्रॉनिक्सचे स्वतःचे कारखाने आहेत, भारतात संच बांधले जातात, लोकांना रोजगार मिळतो आणि त्यांचा संच चांगला चालूही शकतो. दुसऱ्याने घेतलेले प्रत्येक नाव पोकळ होते असेही नाही. सॅमसंगने 2017 मध्ये सुमारे आठ अब्ज डॉलर मोजून हर्मन घेतली, तेव्हा जेबीएल, हर्मन कार्डन, एकेजी, मार्क लेव्हिन्सन ही नावे तिच्या छत्राखाली गेली. 2025 मध्ये डेनॉन, मरान्झ, बोवर्स अँड विल्किन्स हीदेखील गेली. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या उंच इमारतीत हौसेने होम थिएटर बसवणाऱ्याला वाटते की आपण चार देशांच्या चार घराण्यांमधून निवड करतो आहोत, प्रत्यक्षात त्यातली बरीच नावे एकाच मालकाची असतात. पण इथे मालकाने नावाबरोबर अभियंते, प्रयोगशाळा, कारखाने आणि जुन्या ग्राहकांची देणीही घेतली. नाव विकत घेणारा त्याच्याशी बांधला जातो, कारण नाव बदनाम झाले तर त्याचेच भांडवल बुडते. भाड्याने घेणाऱ्याचा करार संपतो. त्यानंतर नाव दुसऱ्याकडे जाते आणि तुमच्या भिंतीवरचा संच मात्र पहिल्याकडे राहतो. ग्राहकासाठी फरक इथे पडतो. शिवाय प्रतिष्ठेचा बाजारभाव किती झपाट्याने ढासळतो हेही याच व्यवहारांनी दाखवले. डेनॉन, मरान्झ आदी नावांची साउंड युनायटेड ही कंपनी मासिमो या वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने 2022 मध्ये एक अब्ज डॉलरहून जास्त देऊन घेतली होती. तीन वर्षांनी ती 35 कोटी डॉलरला विकली. ऐकणाऱ्यांच्या पिढ्यांनी पाऊण शतक जपलेली पत तीन वर्षांत एक तृतीयांशावर आली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, उंची माल बनवणाऱ्यांना किमतींच्या घसरणीनेच मारले, मग किंमत निर्दोष कशी? पायोनियरच्या कुरो प्लाझ्मा टीव्हीचे उदाहरण हमखास पुढे येते. 2007-08 च्या सुमारास जाणकार म्हणत की याच्याइतका गडद काळा रंग दुसऱ्या कुठल्याही टीव्हीत नाही. एलसीडीच्या किमती कोसळत गेल्या, कुरोला तेवढे खाली उतरता आले नाही आणि फेब्रुवारी 2009 मध्ये पायोनियरने टीव्हीचा धंदा सोडत असल्याचे जाहीर केले. हे दुःखद होते, खरे आहे. पण पुढे काय झाले तेही पाहावे. 2013 मध्ये एलजीने 55 इंचांचा ओएलईडी टीव्ही अमेरिकेत 14,999 डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने नऊ लाखांच्या आसपास, आणला. त्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. आज तेवढाच ओएलईडी एक-सव्वा लाखाच्या आसपास मिळतो आणि चित्रात तो कुरोच्या पुढे आहे. ज्या गुणासाठी कुरोचे नाव घेतले जाई तो गुण मेला नाही, स्वस्त झाला. म्हणून ‘स्वस्त म्हणजे निकृष्ट’ हे समीकरण टीव्हीच्या बाबतीत चित्रापुरते तरी चुकीचे आहे. घसरण झाली असेल तर ती आवाजात. पडदे इतके पातळ झाले की स्पीकरला जागाच उरली नाही आणि पूर्वी पेटीतच मिळणारा भारदस्त आवाज आता साउंडबार म्हणून वेगळा विकत घ्यावा लागतो. टीव्ही स्वस्तात मिळाला असे म्हणताना ही रक्कम हिशेबात धरायला हवी.

आजच्या टीव्हीत चित्र आणि आवाजापेक्षा जास्त नाजूक भाग तिसराच आहे, आणि किमतीच्या चर्चेत तो येतच नाही. हा टीव्ही म्हणजे एक संगणक आहे. त्याची कार्यप्रणाली, त्यावरची अ‍ॅप आणि सुरक्षेच्या सुधारणा कुणीतरी वर्षानुवर्षे पाठवत राहिले तरच तो पाच-सात वर्षे उपयोगाचा राहतो. लेईको या चिनी कंपनीने ऑगस्ट 2016 मध्ये भारतात ‘सुपर टीव्ही’ म्हणून गाजावाजा केला आणि वर्षभरात तिचा भारतातला पसारा आवरला. वनप्लसने 2019 मध्ये टीव्ही आणले, काही वर्षांतच ते दुकानांतून दिसेनासे झाले. पडदा शाबूत, काच शाबूत, पण मागे उभा राहणारा निघून गेलेला, अशी ही अवस्था असते. शिवाय काही संच इतके स्वस्त का असतात याचेही एक उत्तर इथेच आहे. अमेरिकेतल्या विझिओ कंपनीच्या हिशेबात टीव्ही विकून मिळणाऱ्या ढोबळ नफ्यापेक्षा जाहिराती आणि प्रेक्षकांच्या माहितीवरचा ढोबळ नफा मोठा झाला होता. 2024 च्या डिसेंबरमध्ये वॉलमार्टने ती विकत घेतली. याच विझिओला 2017 मध्ये, लोक काय पाहतात याची नोंद त्यांच्या संमतीशिवाय ठेवल्याबद्दल, 22 लाख डॉलर भरावे लागले होते. म्हणजे किंमत कमी झाली असे दिसते तेव्हा तिचा काही भाग आपण आपल्या दिवाणखान्यातल्या सवयींच्या रूपाने चुकवत असतो. अशा व्यवहारात समोरचा माणूस कोण आहे हे कळणे आणखी गरजेचे होते.

दुसरा आक्षेप कायदेशीर आहे: खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता, मूळ देश आणि तक्रारीचा दूरध्वनी छापणे 2011 च्या वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे, टीव्हीला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते, मग आणखी काय हवे? हे सगळे आहे, पण ते खोक्याच्या बुडाशी, बारीक अक्षरात, आणि अपुरे. समोरच्या बाजूला ठळक अक्षरात असलेले नाव आणि बुडाशी असलेल्या कंपनीचे नाते काय, नाव स्वतःचे की परवान्याचे, परवाना कधीपर्यंत, हे कुठेच लिहिलेले नसते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर आपले चिन्ह लावणाऱ्यालाही उत्पादक मानले आहे. ही तरतूद चांगली आहे, तिचे स्वागतच आहे. पण त्या कायद्यातले उत्पादन-दायित्व संचामुळे माणसाला किंवा दुसऱ्या मालमत्तेला इजा झाली तर लागू होते. खुद्द त्या वस्तूचे नुकसान त्या व्याख्येतून वगळलेले आहे. शॉर्टसर्किटने पडदा पेटून घर जळाले तर दाद आहे. चौथ्या वर्षी अ‍ॅप बंद पडली, पॅनेल मिळेनासे झाले, तर वॉरंटी केव्हाच संपलेली असते आणि उरलेली वाट लांबची, अनिश्चित. व्हिडिओकॉनच्या प्रकरणात सुमारे 64,800 कोटींच्या दाव्यांपुढे 2,962 कोटींची योजना 2021 मध्ये मंजूर झाली आणि 2022 च्या जानेवारीत अपिलात तीही रद्द झाली. बँकांची ही गत, तर वॉरंटीचे कार्ड घेऊन उभ्या असलेल्या कल्याणच्या ग्राहकाला त्या रांगेत कोण विचारणार?

तिसरा आक्षेप दुकानदार आणि उत्पादक करतील: असली बंधने घातली तर किंमत पुन्हा चढेल. याचे उत्तर युरोपात तयार आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार मार्च 2021 पासून टीव्हीचे महत्त्वाचे सुटे भाग शेवटचा संच विकल्यावर किमान सात वर्षे मिळाले पाहिजेत आणि सुरक्षेच्या सुधारणा किमान आठ वर्षे. ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून असा नियम आहे की इंटरनेटला जोडलेल्या वस्तूला सुरक्षेच्या सुधारणा कधीपर्यंत मिळतील ते विक्रीच्या वेळीच सांगितले पाहिजे. त्या देशांत टीव्ही विकणाऱ्या कंपन्यांपैकी बऱ्याच आपल्याकडेही विकतात. तिथे जे जमते ते ठाण्यात न जमण्याचे कारण नाही. सॅमसंगने तर 2024 मध्ये आपल्या नव्या टीव्हींना सात वर्षे कार्यप्रणालीच्या सुधारणा देऊ, असे स्वतःहून जाहीर केले. म्हणजे मोठ्या कंपन्यांना यात पत दिसते आहे. आणि तारीख छापायला काही खर्च येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की पहिल्या टप्प्यात किमान तारीख सांगण्याची सक्ती करा, तारीख किती लांबची असावी हे बाजाराला ठरवू द्या. तीन वर्षे म्हणणारा स्वस्त विकेल, आठ म्हणणारा थोडा महाग. दोन्ही ठीक, ग्राहकाला दिसले की पुरे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले, ते पाऊल योग्य दिशेचे होते, पण तिथे माहिती द्यायची की नाही हे कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेले आहे.

चौथा आक्षेप सगळ्यात अवघड आहे, कारण तो ग्राहकांबद्दल आहे. लोक पाच वर्षांनी टीव्ही बदलतातच, त्यांना आठ वर्षांची हमी कशाला? पण आमच्या पट्ट्यातल्या अनेक घरांत नवा टीव्ही आला की जुना टाकत नाहीत. तो गावी जातो, कोकणात, जुन्नरला, सातारा-सांगलीकडे, आईवडिलांच्या घरात. डोंबिवलीत पाच वर्षे चाललेल्या संचाने तिथे आणखी पाच वर्षे चालावे अशी अपेक्षा असते. तो चालला नाही तर दुरुस्तीला जवळ कोणी नसते, आणि पॅनेल गेले असेल तर नवे बसवण्याचा खर्च बहुधा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. मग तो कचरा होतो. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम गोळा करून पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकतात, आणि इथेही प्रश्न पुन्हा तोच येतो: नाव भाड्याचे असेल आणि ते नाव दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्याकडे गेले असेल, तर दाराशी पडलेला हा संच कुणाच्या खात्यात?

हे सगळे फक्त स्वस्त ब्रँडना लागू आहे असेही समजू नये. महाग नावांची पतही तपासूनच मानावी. सोनीने 2004 मध्ये हरियाणातला धारुहेडाचा कारखाना बंद करून थायलंडहून संच आणायला सुरुवात केली होती. तिच्या महागड्या टीव्हीतले पॅनेलही दुसऱ्या कंपन्यांकडून येते. तिची खरी कमाई चित्रावर प्रक्रिया करणाऱ्या चिपमध्ये आणि रंगांच्या जुळणीत आहे. त्यात कमीपणा काही नाही. पण दहा-बारा फूट रुंदीच्या दिवाणखान्यात लाखभर रुपये जास्त देऊन आपण नेमके काय घेतो, हे ग्राहकाला कळायला हवे: चिप, सेवा केंद्रांचे जाळे, सुधारणांची वर्षे, की फक्त नाव. आज ते कळत नाही. छापील एमआरपी आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत एवढे अंतर असते की ‘निम्म्या किमतीत’ या पाटीला काही अर्थ उरलेला नाही. पाटीवरचा आकडा मोठा करण्यापेक्षा त्याच कागदावर सुधारणांची शेवटची तारीख आणि पॅनेल बदलण्याचा दर लिहिणारा दुकानदार ग्राहकाचे खरे हित पाहील.

यासाठी सरकारने नियम काढण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. 1975 पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत या परिसरातल्या हजारो मध्यमवर्गीय घरांना परिचित आहे. गट करून धान्य-किराणा घेणाऱ्या आणि मालाच्या दर्जावर हरकत घेणाऱ्या या चळवळीने दुकानांकडे आणि कंपन्यांकडे टीव्हीबाबत हीच लेखी माहिती मागितली, तर एकेकट्या ग्राहकाला मिळणार नाही असे उत्तर तिला मिळेल. ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. तिथे उभे राहायचे तर हातात कागद लागतो आणि तो खरेदीच्या दिवशीच मिळवावा लागतो. त्या कागदावर तीन ओळी हव्यात. संच बनवणारी कंपनी कोणती आणि समोरचे नाव तिचे स्वतःचे की परवान्याचे. सुरक्षेच्या सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत. आणि वॉरंटीनंतर पॅनेल गेले तर आजच्या दराने किती रुपये. विक्रेत्याने बिलावर या तीन ओळी शिक्क्यासह लिहून दिल्या तर हप्त्याच्या अर्जावर सही करावी. नाही दिल्या तर त्याच रस्त्यावर पुढच्या दुकानात जावे.